सोमवारी वाढणारं ऑईल

या, पुढं सरका. खांबाला टेकून मागं बसलेल्यांनीही उठून जवळ यावं. बुवांनी पूर्वरंग आटोपून आख्यानाला हात घातला की तुम्ही गुडघ्याला गुडघा लावून बसता ना, तसे बसा. गोष्ट गाडीच्या इंजिन ऑईलची आहे. हसू नका. त्या ऑईलपायी एक माउली गेली, एका सरळ माणसाच्या दुकानावर दगड पडले, आणि करणारा सापडला तेव्हा सगळ्या गावाला मान वर करवेना. सगळं सांगतो. एकही खूण लपवणार नाही, तुम्ही फक्त कान उघडे ठेवा.

१

टाकवे बुद्रुकच्या विठाबाई श्रावणातल्या एका गुरुवारी सकाळी भातखाचरात बेणणी करत, तण उपटत होत्या. नऊच्या सुमारास छातीत कळ आली आणि त्या बांधावरच बसल्या. गावात गाडी म्हणजे हौशीरामची, दोन लाख किलोमीटर पळालेली जुनी पेट्रोल व्हॅन. आजारी माणूस असलं की हौशीराम कुणाला नाही म्हणत नसे. त्यानं म्हातारीला मागच्या सीटवर निजवलं आणि तळेगावच्या दवाखान्याकडं गाडी सोडली.

कान्हे फाट्याच्या अलीकडं, जरा चढ लागतो तिथं, इंजिनातून लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज आला आणि गाडी जागच्या जागी थांबली. स्टार्टर मारला तर इंजिन हलेना. जाम झालं होतं. रुग्णवाहिका दुसरीकडं अडकलेली. शेवटी हौशीरामनं फाट्यावरच्या मेहबूब मिस्त्रीला फोन केला. मेहबूब सर्व्हिसिंगला आलेली एका गिऱ्हाइकाची कार, मालकाला न विचारता, घेऊन धावत आला. त्यानंच विठाबाईंना उचलून कारमध्ये ठेवलं, त्यानंच दवाखाना गाठला. पण चाळीस मिनिटं गेली ती गेली. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणायला हवं होतं.

विठाबाईंची लेक सविता तळेगावलाच दिलेली, तिथल्या कारखान्यात तयार माल तपासायच्या कामावर. अंगावर कंपनीचा निळा शर्ट, तशीच ती दवाखान्यात पोचली. पाठोपाठ धाकटा भाऊ संदेश आला. आईच्या पायाशी डोकं ठेवून तो रडला आणि उठला तो मेहबूबकडं बोट दाखवत. सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "ह्यानं पातळ ऑईल घालून मारलं माझ्या आईला."

दुपारपर्यंत हे वाक्य प्रत्येकाच्या मोबाईलवर गेलं. चार वाजता फाट्यावर चाळीस माणसं जमली. शटरचे पत्रे वाकवले, ऑफिसची काच फोडली. मेहबूबच्या कपाळाला तीन टाके पडले. सवितानं दगड उचलला नाही, पण ती त्या गर्दीत होती. घसा बसेपर्यंत ओरडत होती, हेही सांगायला हवं.

आमच्याकडं दहाव्याला नदीकाठी प्रवचन होतं आणि मग माईकवर श्रद्धांजलीची भाषणं. त्या माईकवरूनच जाहीर करायचं ठरलं की टाकव्याची एकही गाडी इथून पुढं मेहबूबकडं जाणार नाही. गॅरेजच्या जागेचा मालकही म्हणाला, दहाव्याच्या दिवशी जागा रिकामी कर. बावीस वर्षांचं दुकान दहा दिवसांत उठणार होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सविताच्या माहेरच्या उंबऱ्यासमोर मेहबूबची बायको शहनाज येऊन उभी राहिली. हातात ऑईलचे डाग पडलेलं एक पुस्तक होतं.

२

अंगणातली माणसं उठून उभी राहिली. कुणीतरी शहनाजला चालती हो म्हणालं. ती हलली नाही. डोळे कोरडे होते आणि आवाज धारदार.

"ताई, शिव्या द्यायच्या असतील तर द्या. पण आधी हे वाचा."

पुस्तक हौशीरामच्या व्हॅनचं होतं, गाडीबरोबर कंपनी देते ते, ऑईल बदलताना गॅरेजमध्ये राहिलेलं. ऑईलच्या पानावर पेन्सिलीची खूण होती. शहनाज बावीस वर्षं नवऱ्याच्या दुकानात बसलेली, तिला सगळं ठाऊक. तिनं सांगितलं ते असं. हौशीराम आजवर फार जाड ऑईल घालायचा. जाड ऑईल ढवळण्यात इंजिनाची ताकद जाते आणि अ‍ॅव्हरेज पडतं. म्हणून मेहबूबनं पुस्तकात लिहिलंय तेच, फाईव्ह डब्ल्यू थर्टी, घालायला सांगितलं. अ‍ॅव्हरेज थोडं सुधारतं आणि इंजिनही सांभाळलं जातं. पण शनिवार-रविवार ही व्हॅन संदेशकडं असायची. लोणावळा स्टेशनपासून भुशी धरणापर्यंत आणि भाड्याच्या बंगल्यांवर पर्यटकांच्या फेऱ्या, पेट्रोल त्याचं त्यानं भरायचं. त्यानं मोबाईलवर कुठला तरी व्हिडिओ बघितला आणि गॅरेजमध्ये येऊन हटून बसला की झिरो ट्वेंटी घाला, सगळ्यात पातळ.

"आमच्या ह्यांनी साफ नाही म्हटलं," शहनाज म्हणाली. "ते नव्या इंजिनाचं ऑईल. ह्या म्हाताऱ्या गाडीची बेअरिंग झिजलेली, फटी मोठ्या झालेल्या. इतकं पातळ तिथं टिकायचं नाही. अर्धा तास भांडण चाललं होतं. तुमचा भाऊ पाय आपटत गेला."

सविताच्या अंगाचा भडका उडाला. "म्हणजे माझा भाऊ खोटारडा? आज तिसरा दिवस आहे आईचा. आजच सुचलं तुम्हाला हे?"

"आज नाही सांगितलं तर दहाव्याला कोण ऐकणार?" शहनाज म्हणाली. "माझ्यावर विश्वास ठेवू नका. आमच्या ह्यांच्यावरही नको. डबा बघा. डबा तुमच्याच गावात आहे."

३

गावाकडची माणसं गॅरेजमध्ये ऑईलचा डबा कधी सोडून येत नाहीत. साडेतीन लिटरचा डबा, इंजिनात जातं तीन लिटर. उरलेलं घरी आणायचं. ते कडबाकुट्टीला लागतं, पंपाला लागतं, दाराच्या बिजागऱ्यांना लागतं. शहरातला माणूस डबा मिस्त्रीकडं टाकून येतो आणि मग आत काय ओतलं ते देवाला ठाऊक. टाकव्यात तसं होत नाही.

डबा हौशीरामच्या गोठ्यात, कडबाकुट्टीच्या मागं होता. वर लिहिलेलं होतं फाईव्ह डब्ल्यू थर्टी. शहनाज खरं बोलली होती. मात्र डब्यावरच्या अक्षरांवर सविताची भिस्त नव्हती. कारखान्यात लेबल बघून माल पास करणारी ती नव्हे. डबा आणला होता वडगावच्या सुहासच्या दुकानातून. आत बनावट माल निघाला तर पाप सुहासचं. ती आधी त्याच्याकडं गेली. सुहासनं पोरांच्या शपथा घेतल्या, बिलं दाखवली, आणि वर असंही सुनावलं की मेहबूबच्या डोक्यात काय असतं ते कुणाला कळत नाही. तो घाबरलेला दिसला. घाबरलेला माणूस खोटा असतोच असं नाही, म्हणून तिनं त्याला तूर्त बाजूला ठेवलं.

ती परतली तेव्हा हौशीराम मोडक्या खाटेवर बसून होता. गाडी अंगणात, ओढून आणून उभी केलेली. त्याला जेवण जात नव्हतं.

"भाऊ, ऑईल बदललं कधी?"

"दीड म्हयना झाला."

"मधे कमी झालं होतं का? तुम्ही बघत होता ना?"

"म्या रोज बघतो पोरी. जुनं इंजिन, ऑईल खातंच. आधी आठवड्याला पेलाभर घालाय लागायचं. पर ह्ये नवं ऑईल लय भारी. डब्यातलं येकदाबी वतलं न्हाई." मग त्याला जरा हुशारी आली. "गंमत सांगू का? सुक्रवारपातूर पट्टीवरचं ऑईल जरा खाली यायचं, आन सोमवारी बघावं तर परत भरल्यालं. येकदा तर खुणंच्या बी वर. म्या आमच्या हिला म्हणलं, गाडीला लोनावळ्याची हवा मानवतीया."

त्याची बायको धोंडाबाई चुलीपासून म्हणाली, "मानसाला मानवंना, आन गाडीला मानवतीया."

सविता हसली नाही. जे कमी व्हायलाच हवं ते कमी होत नसेल, तर कुणीतरी भर घालतंय. मशिनच्या टाकीतली पातळी अशी न सांगता वाढली की कारखान्यात लाईन बंद करतात.

तिनं धोंडाबाईकडून स्टीलचं ताट मागून घेतलं. डब्यातल्या ऑईलचे चार थेंब एका कडेला सोडले. मग व्हॅनचं ऑईल मोजायची पट्टी बाहेर काढून तिचे चार थेंब शेजारी. ताट तिरकं केलं. डब्याचे थेंब सावकाश, एका रेषेत उतरले. गाडीचे थेंब पाण्यासारखे सुटले आणि ताटाच्या काठावरून तिच्या पायावर पडले.

डबा चांगला होता, तेव्हा सुहास सुटला. आत तेच ओतलं होतं, तेही हौशीरामच्या डोळ्यांदेखत, तेव्हा मेहबूबही सुटला. गडबड झाली ती नंतर. सवितानं काळं बोट नाकाशी नेलं. वास ओळखीचा होता. ट्रॅक्टरच्या टाकीचं झाकण काढलं की येतो तो.

डिझेल. आणि गाडी तर पेट्रोलची.

४

जुन्या इंजिनात कधीकधी टाकीतलं इंधन झिरपून ऑईलमध्ये उतरतं. पण पेट्रोलच्या गाडीत उतरलं तर पेट्रोलच उतरेल. डिझेल आपल्या पायानं चालत आत जात नाही, कुणीतरी झाकण उघडून ओतलं होतं. त्या गाडीला हात लावणारी माणसं दोन. सोमवार ते शुक्रवार हौशीराम, शनिवार-रविवार दुसरा. पट्टी चढायची ती सोमवारी.

सविताला दुसऱ्याचं नाव मनातसुद्धा घ्यायचं नव्हतं. ती हौशीरामवरच ओरडली. इंजिनात ऑईलचा दाब उतरला की समोर लाल दिवा लागतो, तो दिसला नाही का, डोळे कुठं होते तुमचे, आई मागं तडफडत होती.

हौशीराम हात जोडून उभा राहिला. "दिवा बंदच हाय पोरी. म्हयना झाला. बल्ब गेलाय म्हणं."

"कोण म्हणालं?"

त्यानं जोडलेले हात खाली घेतले. मग म्हणाला, "संदेश."

ती तशीच उठून फाट्यावर गेली. मेहबूब वाकलेल्या शटरखाली बसून पाने पेटीत भरत होता, जागा सोडायची तयारी. कपाळावर पट्टी. त्याच्यासमोर उभं राहताना सविताला स्वतःचाच राग आला. त्यानंच स्टूल पुढं सरकवलं. आईच्या दहाव्याची तयारी झाली का, असं विचारलं. सवितानं ताटावरचे थेंब आणि डिझेलचा वास सांगितला.

"मेहबूबभाई, बल्ब गेलाय की नाही ते कसं बघायचं?"

त्यानं सांगितलं. इंजिनाच्या अंगाला ऑईलच्या दाबाची कळ, म्हणजे स्विच, असते, तिला एक वायर जोडलेली असते. वायर जागेवर असेल तर बल्ब गेलेला. वायर निघालेली असेल तर बघायचं की ती आपोआप निसटलीय की कुणी काढलीय.

"फरक कसा कळणार?"

"निसटलेली वायर लोंबकळते. काढलेली बांधून ठेवतात." तो पुढं म्हणाला, "डिझेल ओतणारा अडाणी असू शकतो ताई. पण दिवा लागायला लागल्यावर जो दिवाच बंद करतो, त्याला कळलेलं असतं."

टाकव्याला परत येऊन तिनं बॉनेट उघडलं. मेहबूबनं सांगितलेल्या जागी कळ मोकळी होती. वायर मागं वळवून, टोकाला काळी चिकटपट्टी गुंडाळून, नळीला नीट बांधून टाकली होती.

आणि तेव्हा तिला दवाखान्याचा व्हरांडा आठवला. आई जाऊन दहा मिनिटंही झाली नव्हती. व्हॅन अजून रस्त्यात उभी होती, बॉनेटला कुणी हात लावला नव्हता. इंजिन जाम झालं ते पट्टा तुटून, की पाणी संपून, की ऑईल गळून, हे जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. एका माणसाला मात्र ऑईल पातळ आहे हे ठाऊक होतं.

५

दहाव्याच्या दिवशी सकाळी नदीवर संदेश मुंडण करून पायरीवर बसला होता. सविता त्याच्या शेजारी जाऊन बसली आणि हलक्या आवाजात सगळं सांगितलं. ताट, सोमवार, वायर. डिझेल कुठलं, असं विचारलं तेव्हा बंगल्यावरच्या जनरेटरच्या कॅनमधलं, शनिवारी पेलाभर, एवढं तो बोलून गेला. माईकवर तू स्वतः सांग, मी तुझ्या बाजूला उभी राहते, असंही ती म्हणाली. त्यानं ओल्या टॉवेलनं तोंड पुसलं.

"ताई, आज नको. आजचा दिवस आईचा आहे. दहाव्यानंतर बोलू."

"दहाव्यानंतर मेहबूबभाईंचं दुकान नसेल."

"मग नसू दे की," तो म्हणाला. "ते लोक कुठंही दुकान टाकतात."

त्या एका वाक्यानं सविताच्या मनात उरलेली बहीण संपली.

अंबाजी महाराजांचं प्रवचन झालं. विठाबाई त्यांच्या कीर्तनात पुढच्या ओळीत बसायच्या, टाळ चुकला की डोळ्यांनी दटावायच्या, हे महाराजांनी सांगितलं. मग पुढाऱ्यांची भाषणं सुरू झाली. तिसरा वक्ता फाट्यावरच्या "त्या दुकानाचा" ठराव वाचायला उठला, तेव्हा सविता उठून माईकपाशी गेली. बायका इथं माईकवर बोलत नाहीत. दोघं तिघं आडवे आले. महाराजांनी हात वर करून त्यांना बसवलं आणि म्हणाले, "लेक आहे ती. तिच्या आईचा दहावा आहे. बोलू द्या."

तिनं ओरडून सांगितलं नाही, पण एकेक शब्द दगड ठेवावा तसा ठेवला. डबा कुठं होता, ताटावर काय झालं, पेट्रोलच्या गाडीत डिझेल कुठून आलं, पट्टी कुठल्या वारी वर चढायची. शनिवार-रविवार गाडी कुणाकडं असायची हे सांगायची वेळ आली तेव्हा माणसं आधीच वळून संदेशकडं बघत होती.

"ऑईल पातळ केलं की अ‍ॅव्हरेज वाढतं, एवढं अर्धवट ह्यानं ऐकलं," ती म्हणाली. "मिस्त्रीनं नाही म्हटलं. मग हा पर्यटकांना ज्या बंगल्यावर सोडतो, तिथल्या जनरेटरच्या कॅनमधलं डिझेल दर शनिवारी पेलाभर ओतत राहिला. ऑईलची ताकद गेली, बेअरिंग कोरडी पडली, आणि आईला घेऊन चढ चढताना इंजिन जाम झालं. संदेश, मी काही चुकीचं सांगितलं असेल तर इथं बोल."

संदेश उभा राहिला. "मला काय माहीत असं होईल? दोन किलोमीटर जास्त पडत होते लिटरला. मी काय आईला मारायला घातलं का?"

"नाही घातलंस. मला एवढंच सांग, दिवा का काढलास?"

त्यानं टॉवेल खांद्यावर ओढला.

"लाल दिवा लागायला लागला तेव्हा तुला कळलं होतं. वायर का काढलीस?"

तो पुटपुटला, पण माईक जवळ होता, सगळ्यांना ऐकू गेलं.

"पार्ट्या घाबरायच्या. दिवा बघून उतरायच्या गाडीतून."

गर्दीत खळबळ उडाली. दोन-चार जण बाह्या सरसावून पुढं आले. सवितानं त्यांच्याकडं बघितलं. हीच माणसं त्या दिवशी फाट्यावर पुढं होती.

"त्याला हात लावायचा नाही," ती म्हणाली. "त्याचं काय करायचं ते पोलीस करतील, तक्रार मीच देणार आहे. तुम्ही माझ्या घराकडं चला. मेहबूबभाईंच्या दुकानाकडं गेलात तसे, चाळीसच्या चाळीस. आमचे पत्रे वाकवा. आमची काच फोडा. काय झालं? तिकडं जाताना तर वाट विचारावी लागली नव्हती."

कुणी हललं नाही. ठरावाचा कागद वाचणाऱ्यानं तो हळूच खिशात घातला. सवितानं अजून थोडा वेळ वाट बघितली, अगदी खरोखर कुणी येईल म्हणून बघावी तशी. मग ती महाराजांच्या पाया पडली आणि सरळ वडगावच्या पोलीस ठाण्यात गेली. अंगावर दहाव्याची पांढरी साडी होती.

६

मेहबूबचं गॅरेज उठलं नाही. जागेच्या मालकानं निरोप धाडला की झालं गेलं विसरून जा. गावातली पाच माणसं माफी मागायला फाट्यावर गेली, हार घेऊन. शहनाजनं हार घेतला नाही.

"पत्रे सरळ करा," ती म्हणाली, "आणि काच बसवून द्या. तुमच्या हातानं. ज्यांनी फोडली त्यांनीच."

ती माणसं दिवसभर उन्हात हातोड्या चालवत होती. मेहबूबनं त्यांना चहा पाजला, शहनाज त्यांच्याकडं बघून हसली नाही. मला विचाराल तर दोघांचंही बरोबर होतं.

हौशीरामची व्हॅन मेहबूबनंच उघडली, पोलिसांच्या पंचनाम्याच्या वेळी. त्या वेळी हौशीरामनं सविताला एक गोष्ट सांगितली. ती त्यानं तोवर कुणालाच सांगितली नव्हती, लाजेनं. गाडी बंद पडल्यावर तो रडत स्टार्टर मारत होता. विठाबाईंना धड श्वास घेता येत नव्हता. पण त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "हौशा, गाडीला शिव्या नको दिऊस. मेहबूबला बोलीव. त्यो येईल."

आणि तो आला होता.

माझी गोष्ट इथं संपली. उठण्याआधी एकच मागणं आहे. उद्या तुमच्या मोबाईलवर कुणाचं तरी नाव येईल, ह्यानंच केलं म्हणून. पाय आपोआप घराबाहेर पडतील, पुढं गर्दी असेल, ओळखीची माणसं असतील. तेव्हा दोन क्षण थांबा आणि टाकव्याच्या विठाबाईंना आठवा.